इंग्रजी भाषेची वाटचाल

इंग्रजी जाणणारी माणसे आज जगाच्या बहुतेक सर्व देशांत आढळतात. परंतु एक काळ असा होता, की या भाषेला तिच्या स्वतःच्या देशातील राजदरबारातही स्थान नव्हते. तिचा इतिहास म्हणूनच मोठा उद्बोधक आहे.

पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता ब्रिटनमधून नाहीशी झाली. त्यानंतर अँगल, सॅक्सन व ज्यूट या जमाती आजच्या जर्मनी व डेन्मार्कच्या किनाऱ्यांवरून समुद्र ओलांडून तेथे आल्या. त्यांच्या बोलींतून जुनी इंग्रजी सिद्ध झाली. ५९७ साली ख्रिस्ती धर्मोपदेशक केंट प्रांतात आले आणि त्यांच्याबरोबर लॅटिन विद्या व रोमन लिपी यांचा प्रसार झाला. पुढे उत्तरेकडील व्हायकिंगांनी स्वाऱ्या केल्या व त्यांतील पुष्कळजण तेथेच स्थायिक झाले. ‘स्काय’ हा आकाशवाचक शब्द त्यांच्याच भाषेचा. नवव्या शतकात वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याने अनेक लॅटिन ग्रंथ इंग्रजीत आणविले आणि लोकभाषेची प्रतिष्ठा वाढविली.

परंतु १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम विजयी झाला आणि सारे चित्र पालटले. राजा व सरदार फ्रेंच बोलू लागले. विद्वान लॅटिनमध्ये लिहू लागले. इंग्रजी उरली ती शेतकऱ्याच्या झोपडीत आणि कारागिराच्या दुकानात. रानात मेंढ्या राखणारा त्यांना ‘शीप’ म्हणे. सरदाराच्या ताटात वाढलेल्या त्यांच्याच मांसाला मात्र ‘मटन’ हे फ्रेंच नाव मिळाले.

असे असूनही ही भाषा मेली नाही. सामान्य जनांनी तिला टाकले नाही आणि तिनेही फ्रेंच शब्दांचा विटाळ मानला नाही. न्याय, राज्यकारभार, कला यांविषयींचे हजारो शब्द तिने आपलेसे केले. अखेर १३६२ साली न्यायालयातील वादविवाद इंग्रजीत चालावेत, असा कायदा झाला; कारण लोकांना फ्रेंच समजत नाही, हे राज्यकर्त्यांनाच मान्य करावे लागले. गंमत अशी, की तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! त्याच शतकात चॉसरने इंग्रजीत श्रेष्ठ काव्य रचले.

१४७६ साली कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला. त्यानंतर शब्दांचे लेखन हळूहळू स्थिर झाले. उच्चार मात्र बदलत राहिले. योद्धा या अर्थाच्या ‘नाइट’ शब्दाच्या आरंभी असलेला ‘क’ पूर्वी स्पष्ट उच्चारला जाई. आज तो केवळ लिहिण्यापुरता उरला आहे. इंग्रजी शिकताना विद्यार्थ्यांना जो घोटाळा वाटतो, त्याचे एक मूळ येथे आहे. पुढे शेक्सपिअरच्या नाटकांनी भाषेचे सामर्थ्य प्रकट केले आणि १७५५ साली जॉन्सनने ४० हजारांहून अधिक शब्दांचा कोश सिद्ध केला.

व्यापार व साम्राज्य यांबरोबर इंग्रजी दूरदूर पसरली व वाटेत भेटलेल्या भाषांकडूनही शब्द घेत राहिली. आपल्या मुंगुसाचे मराठी नावही किंचित रूप बदलून तिच्या कोशात जाऊन बसले आहे.

राजाश्रय गेला तरी लोकाश्रय असेल तर भाषा तगते. जी भाषा तिच्या लोकांच्या मुखी राहते आणि नवे शब्द स्वीकारताना संकोच करीत नाही, तिला पुन्हा बहर येतो, हेच इंग्रजीच्या इतिहासावरून दिसून येते.