अडगळीतली लक्ष्मी

वसुबारस आठवड्यावर आली, की घरोघर झाडणी सुरू होते. जळमटे उतरतात, डबे घासले जातात, गाद्या उन्हात पडतात. पण बंगल्याच्या आवारात एक जागा अशी असते, की तिचे दार नुसते किलकिले करून गृहिणी ते पुन्हा लोटून घेते. ती जागा म्हणजे गॅरेज!

२०२४ साली नगरचे अहिल्यानगर झाले, तरी जुन्या माणसांच्या जिभेवर नगरच आहे. ह्या नगरात १९९४ पासून रणगाड्यांचे एक संग्रहालय आहे. देशोदेशींचे अवजड रणगाडे तेथे आपापल्या जागी, नावाच्या पाटीसह शिस्तीने उभे आहेत. आणि त्याच गावात, सावेडीकडच्या एखाद्या बंगल्यात, घरची साधी स्कूटर मात्र गॅरेजात शिरत नाही!

का शिरत नाही? कारण आत मोडका कूलर आहे, मुलांचा पाळणा आहे, रंगाचे अर्धवट डबे आहेत आणि आजोबांची ट्रंक आहे.

“अहो, ह्या कूलरचं काय करायचं?”

“असू दे गं, लागेल कधीतरी!”

ह्या ‘लागेल कधीतरी’नेच गॅरेजाची अडगळ होते.

जुन्या घराची शिस्त

नगर जिल्हा पडला कमी पावसाचा. त्यामुळे इकडे पांढऱ्या मातीच्या माळवदाची, जाड भिंतींची घरे असत. त्या घरांत आजच्या मानाने खोल्या थोड्या, पण जागा भरपूर! भिंतीच्या पोटात धान्याचे बळद, कोपऱ्यात सारवलेली कणगी, दूधदुभत्याला आढ्याचे शिंके, मडक्यांची उतरंड, दिव्याला कोनाडा, पागोट्याला खुंटी. वस्तू घरात येण्याआधीच तिची जागा ठरलेली असे. अंधारात हात घातला तरी हवी ती वस्तू सापडे.

गॅरेज बांधले गेले ते फक्त वाहनासाठी. बाकीच्या वस्तू तेथे पाहुण्या म्हणून आल्या आणि बिऱ्हाड करून राहिल्या. तेव्हा जुन्या घराचीच शिस्त येथे आणली पाहिजे: जमीन वाहनाची, भिंती सामानाच्या!

कामाला लागा

एक सुटीचा दिवस मोकळा ठेवा आणि सगळे सामान अंगणात काढा. आत ठेवून आवरू म्हणाल, तर ह्या कोपऱ्यातले त्या कोपऱ्यात जाईल, एवढेच. अंगणात तीन ढीग करा: ठेवायचे, द्यायचे आणि मोडीत काढायचे. दोन दिवाळ्यांत ज्या वस्तूला हात लागला नाही, तिला तिसरी दिवाळी दाखवू नये. चांगला पाळणा एखाद्या गरजूच्या घरी हलू द्या.

आता रिकाम्या जमिनीवर स्कूटर किंवा मोटार उभी करून तिच्याभोवती खडूने रेघ ओढा. दार उघडून उतरण्यापुरती जागाही त्यात धरा. ह्या रेघेच्या आत काहीही ठेवायचे नाही, हा घरचा कायदा.

भिंतीला लोखंडी अँगलचे रॅक लावा आणि ते भिंतीत पक्के आवळा. खालचा कप्पा जमिनीपासून निदान सहा इंच वर हवा. केरसुणी खालून फिरते, ओल लागत नाही आणि वाळवी आली तर वेळीच दिसते. जड वस्तू खाली, रोजच्या हाताशी, दिवाळीचा आकाशकंदील वर. शिडी आडव्या खुंट्यांवर चढवा, सायकल हुकाला टांगा. खिळे-स्क्रू झाकणाच्या बरण्यांत भरा, आणि प्रत्येक डब्यावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी लावा.

रॉकेल, थिनर, पेट्रोल ह्यांचा साठा घरात करूच नये. इन्व्हर्टरची बॅटरी तेथे असेल, तर हवा खेळती ठेवा आणि जवळपास काडी ओढू नका.

थांबा, ती ट्रंक!

राहिली आजोबांची ट्रंक. झाडणीच्या धांदलीत ती उघडते, आतले पिवळे कागद दिसतात, आणि ‘रद्दीच तर आहे’ म्हणून तागडीत पडतात. येथे मात्र हात आखडता घ्यावा.

इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनी असल्याच कागदांसाठी गावोगाव पायपीट केली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्याचा पहिला खंड निघाला आणि पुढे एकूण बावीस खंड झाले. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयातही मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी लिपी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वापरात होती. म्हणजे हे कागद काही फक्त राजेरजवाड्यांच्याच घरी सापडतात असे नाही. जमिनीचा करार, लग्नाचा जमाखर्च, दुष्काळी वर्षातले कर्जरोखे तुमच्याही माळ्यावर असू शकतील.

ओळखण्याची खूण सोपी आहे. आधी पानभर आडव्या रेघा आणि त्यांना लटकलेली, हात न उचलता लिहिलेली गोलसर अक्षरे दिसली, की ती बहुधा मोडी समजावी. असे कागद कडक उन्हात टाकू नका, सावलीत वारा द्या. चिकटपट्टी लावू नका. प्लास्टिकमध्ये गच्च बांधले तर आतल्या आत दमटपणा धरतो. पेशवे दफ्तरातली कागदांची गाठोडी कापडात बांधत, म्हणून त्यांना ‘रुमाल’ म्हणतात. तुम्हीही धुवट सुती कापडात रुमाल बांधा, घरात कोरड्या कपाटात ठेवा आणि एखाद्या मोडी जाणकाराला दाखवा. कूलर गेला तर दुसरा मिळेल, पणजोबांचे अक्षर एकदा गेले की गेले!

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीची पूजा करतो, कारण ती अलक्ष्मीला बाहेर काढते. मात्र केरसुणीला लक्ष्मी कोणती आणि अलक्ष्मी कोणती, हे कळत नाही. ते तिच्या मुठीवर हात असणाऱ्याने ओळखायचे. एवढे सांभाळले, की यंदा गॅरेजाच्या दाराशीही एक पणती लावायला हरकत नाही!