गुडघ्यात नेमकं काय टोचतात?

दिवाळीच्या महिन्यात वर्तमानपत्र उघडलं की सोनं, फ्लॅट आणि गुडघे या तीन गोष्टींच्या जाहिराती आधी दिसतात. ‘ऑपरेशनविना गुडघेदुखीतून मुक्ती’, ‘झिजलेली गादी पुन्हा तयार’, ‘तुमच्याच रक्तातून उपचार’. हा अंक चाळतानाही अशी एखादी जाहिरात वाचकाला भेटली असेल. दिवाळी अंक जाहिरातींवरच निघतात, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. मात्र सांध्यात टोचायच्या औषधांचा गेल्या पाऊणशे वर्षांचा हिशेब मांडला, तर गमतीशीर गोष्ट हाती लागते. गुडघ्याच्या झिजेपुरतं बोलायचं, तर इंजेक्शन जितकं महाग तितका त्यामागचा पुरावा पातळ. लोकांचा विश्वास मात्र किमतीच्या बाजूने झुकलेला.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. घराघरांत ज्याला सरसकट संधिवात म्हणतात, त्यात किमान दोन निराळे आजार असतात. पहिला झिजेचा, म्हणजे ऑस्टिओआर्थ्रायटिस. वय, वजन, जुनी दुखापत यांमुळे हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरत जाते आणि गुडघा कुरकुरायला लागतो. दुसरा आमवात, म्हणजे र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. यात शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. पहिल्याची सुई सांध्यात जाते, दुसऱ्याची बहुधा पोटाच्या कातडीखाली. या लेखातला बराचसा भाग पहिल्याचा आहे. दुसऱ्याकडे शेवटी येऊ, कारण खरी क्रांती तिकडे झाली.

गंमत अशी की सगळ्याची सुरुवात आमवातापासूनच झाली. अमेरिकेत रॉचेस्टरच्या मेयो क्लिनिकमधले फिलिप हेंच हे डॉक्टर बरीच वर्षं एका निरीक्षणामागे लागले होते. आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली की त्याचं दुखणं थांबतं. बाई गरोदर राहिली तरी थांबतं. म्हणजे शरीरातच असं काहीतरी तयार होत असलं पाहिजे, असा त्यांचा तर्क. सप्टेंबर १९४८ मध्ये त्यांनी २९ वर्षांच्या एका रुग्ण बाईला ‘कंपाउंड ई’ टोचायला सुरुवात केली. हे एड्रिनल ग्रंथीतलं द्रव्य, पुढे कॉर्टिसोन म्हणून गाजलं. धड हलताही न येणारी ही बाई आठवड्याभरात चालत बाजारात गेली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइकस्टाइन या तिघांना नोबेल मिळालं. पण तोवर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे सगळंही दिसू लागलं होतं.

मग औषध सगळ्या अंगात खेळवण्यापेक्षा दुखऱ्या सांध्यातच का सोडू नये? फिलाडेल्फियाच्या जोसेफ हॉलंडर यांनी ते करून पाहिलं. कॉर्टिसोन सांध्यात टोचून फारसं काही साधलं नाही, कारण त्याचं कामाच्या रूपात रूपांतर यकृतात व्हावं लागतं. ते तयार रूप, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, टोचलं तेव्हा सूज उतरली. हे काम १९५१ साली प्रसिद्ध झालं. आज आपल्याकडे ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. रेणू सुधारले, कल्पना तीच राहिली.

एका अस्थिरोगतज्ज्ञांच्या ओपीडीत हे जवळून पाहता आलं. एक मावशी टेबलावर आडव्या, गुडघ्याखाली उशी. डॉक्टरांनी वाटी अंगठ्याने बाजूला सरकवून तिच्या वरच्या बाहेरच्या कडेखालची फट चाचपली, बीटाडीनने जागा पिवळी केली, सुई आत घातली आणि आधी काही टोचण्याऐवजी दट्ट्या मागे ओढला. सिरिंजमध्ये पिवळसर पाणी भरत गेलं. ते स्वच्छ आहे, पू नाही, हे उजेडात धरून पाहिलं. सुई तिथेच ठेवून सिरिंज बदलली आणि दुसऱ्या सिरिंजमधलं दुधाळ पांढरं औषध आत सोडलं. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. मावशींचा प्रश्न एकच होता, “स्टिरॉइड नाही ना हो?”

तेच होतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं, आणि ती टोचून झाल्यावर नव्हे, आधी सांगायची गोष्ट होती, असं मला वाटलं.

स्टिरॉइड या नावाला आपल्याकडे जेवढं घाबरतात, तेवढंच ते न कळत घेतात. २००६ साली चिकुनगुनियाची साथ महाराष्ट्रभर पसरली. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे महिनोन्‌महिने धरून राहिले. तेव्हा गावोगाव कमरेत ‘सुई’ घ्यायला रांगा लागत. त्या सुईत पुष्कळदा डेक्सामेथासोन असे. संध्याकाळपर्यंत माणूस उड्या मारायला लागे आणि डॉक्टरचा हातगुण तालुकाभर होई. बिननावाच्या वाताच्या पुड्यांमध्येही हेच भेसळ केलेलं सापडतं. असा वर्षानुवर्षांचा मारा शरीराची स्वतःची स्टिरॉइड बनवण्याची शक्ती मारतो. त्याची भीती रास्त आहे. गुडघ्यात क्वचित दिलेलं ४० मिलिग्रॅम हे वेगळं प्रकरण आहे.

ते किती उपयोगी? ब्रिटनच्या नाइस या संस्थेचं मार्गदर्शन मोजून सांगतं: दोन ते दहा आठवडे. त्यापुढे अपेक्षा नको. सुजलेला, गरम, पाणी भरलेला गुडघा असेल, घरात लग्न असेल, व्यायाम सुरू करायचाय पण पाऊल टेकवत नाही अशी अवस्था असेल, तर हे आठवडे मोलाचे. पण दर तीन महिन्यांनी टोचत राहणं निराळं. बोस्टनच्या डॉक्टरांनी १४० रुग्णांवर दोन वर्षं ते करून पाहिलं. निम्म्यांना ट्रायमसिनोलोन, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. २०१७ साली निकाल आला. वेदनेत फरक नाही, आणि स्टिरॉइडवाल्यांची कूर्चा जास्त झिजलेली.

मधुमेह्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की या इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते; घाबरून इन्सुलिन वाटेल तसं वाढवू नये, डॉक्टरांना विचारावं. सांधा बदलायचा बेत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत ही सुई टाळतात, कारण नव्या सांध्यात जंतूंचा शिरकाव होण्याची शक्यता वाढते.

गुडघ्यापलीकडे चित्र बदलतं. खांदा आखडणं, ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात आणि जो मधुमेह्यांना फार छळतो, त्यात सुरुवातीला दिलेलं स्टिरॉइड खरोखर कामाला येतं. टेनिस एल्बोमध्ये उलट घडतं. ऑस्ट्रेलियातल्या १६५ रुग्णांच्या अभ्यासात इंजेक्शनवाले आधी झपाट्याने सुधारले. पण वर्षभरात त्यांच्यातल्या ५४ टक्क्यांचं दुखणं परतलं. मिठाचं पाणी टोचलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. कोपरासाठी ‘एक सुई देऊन टाका’ म्हणणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत.

आता जेल. ‘गुडघ्यातलं ग्रीस संपलंय, भरून घ्या’ या वाक्यावर कोट्यवधींचा व्यापार उभा आहे. निरोगी सांध्यातल्या द्रवात हायलुरोनिक आम्ल असतं, झिजेत ते पातळ होतं, हे खरं. हे द्रव्य कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. एंड्रे बालाझ यांनी पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध केलं आणि शर्यतीच्या घोड्यांना ते टोचलं गेलं. आता जिवाणूंकडूनही ते बनवून घेतात, तरी शाकाहारी वाचकांनी विचारून घ्यायला हरकत नाही. १९९७ साली अमेरिकेने माणसांच्या गुडघ्यासाठी मान्यता दिली, तीही औषध म्हणून नव्हे, उपकरण म्हणून. म्हणजे काम रासायनिक नाही, यांत्रिक आहे असं गृहीत धरून. अडचण ही की टोचलेलं जेल सांध्यात काही दिवस, फार तर काही आठवडे टिकतं. सहा महिन्यांच्या वंगणाची भाषा तिथेच डळमळते.

२०२२ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात १६९ चाचण्यांचा, २१ हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्रित आढावा आला. खोट्या इंजेक्शनच्या तुलनेत जेलने वेदना १०० च्या मापपट्टीवर सुमारे २ गुणांनी कमी केली. एवढा फरक रुग्णाला जाणवतही नाही. अमेरिकेतल्या अस्थिशल्यचिकित्सकांच्या संघटनेने तर २०१३ सालीच याची शिफारस करू नये असं म्हटलं होतं. स्टिरॉइडची कुपी काही शे रुपयांत मिळते, जेलला अनेक हजार लागतात. मला अमुक ब्रँडने फरक पडला, असं सांगणारी माणसं पुष्कळ भेटतात आणि ती खोटं बोलत नसतात. त्याचं कारण पीआरपीच्या गोष्टीत सापडतं.

पीआरपी म्हणजे दंडातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, तांबड्या पेशी खाली बसल्या की वरचा प्लेटलेट्सनी भरलेला पिवळसर थर उचलायचा आणि गुडघ्यात सोडायचा. प्लेटलेट्स जखम भरून आणतात, तशी कूर्चाही भरून आणतील ही आशा. शिवाय ‘आपलंच रक्त’, त्यामुळे भीती नाही. ऑस्ट्रेलियातल्या रिस्टोर चाचणीत २८८ जणांपैकी निम्म्यांना आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं दिली, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नव्हतं. बारा महिन्यांनी दोन्ही गटांची वेदना कमी झाली होती, आणि दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. कूर्चेची झीजही सारखीच.

यातलं मिठाचं पाणी दुर्लक्ष करण्याजोगं नाही. गुडघेदुखी चढ-उताराची असते. माणूस डॉक्टरकडे जातो तो ती सर्वांत वाईट असताना, म्हणजे काहीही केलं तरी पुढचा महिना थोडा बराच जाणार. त्यात सुई हा मोठा विधी: तपासणी, निर्जंतुक हातमोजे, चार दिवसांची विश्रांती, भरलेलं बिल. गोळीपेक्षा सुईचा दिलासा मोठा असतो, हे संशोधनातही दिसलंय. आपल्याकडे तर ‘सुई दिली नाही तर डॉक्टर कसला’ ही जुनीच समजूत. त्यामुळे आलेला आराम खरा असतो. तो पिवळ्या थरामुळे आला की नाही, एवढाच प्रश्न.

स्टेम सेलच्या बाबतीत जाहिरात सर्वांत पुढे आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या, त्याच्या चरबीतल्या आणि दात्याच्या नाळेतल्या पेशी, असे तिन्ही प्रकार साध्या स्टिरॉइडशी लढवून पाहिले. २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये निकाल आला: वर्षभरानंतर कोणीच स्टिरॉइडच्या पुढे गेलं नव्हतं. भारतात बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीच्या, दात्याच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींच्या औषधाला २०२२ साली औषध महानियंत्रकांनी गुडघ्याच्या झिजेसाठी मान्यता दिली आणि अल्केम कंपनीने ते बाजारात आणलं. त्याच्या चाचणीत वेदना कमी झाल्याचं दिसलं. मोठ्या, स्वतंत्र अभ्यासात ते टिकतं का, हे पाहायला हवं. पण गल्लीबोळातल्या ज्या दवाखान्यात पोटाची चरबी काढून तासाभरात ‘स्टेम सेल’ म्हणून गुडघ्यात सोडतात, त्याचा या मान्यतेशी काहीही संबंध नाही, आणि जाहिरातीत मान्यता मात्र अशा थाटात छापतात जणू ती त्यांनाच मिळालीय.

या सगळ्याच्या शेजारी दोन चाचण्या ठेवून पाहाव्यात. अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयांत १५६ जणांना एकतर स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा फिजिओथेरपी दिली. वर्षाने फिजिओवाले ठळकपणे पुढे होते. दुसरी चाचणी सेमाग्लुटाइडची, म्हणजे वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा पोटावर घ्यायच्या इंजेक्शनची. लठ्ठपणा आणि गुडघ्याची झीज दोन्ही असलेले ४०७ जण, ६८ आठवडे. वजन सरासरी १३.७ टक्क्यांनी उतरलं आणि वेदनेचे गुण ४१.७ ने घटले. खोट्या औषधाच्या गटात २७.५ ने. गुडघ्याच्या जवळपासही न जाणाऱ्या सुईने गुडघ्याचं एवढं भलं करावं, याचं आश्चर्य वाटू नये. एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. हे औषध महाग आहे, पोट बिघडवतं आणि बारीक माणसाच्या झिजेवर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही, हेही सांगायला हवं.

आणि आता आमवात. त्याच्या सुयांचा इतिहास सोन्यापासून सुरू होतो, अक्षरशः. क्षयाच्या जंतूंना सोन्याचे क्षार मारतात हे रॉबर्ट कॉख यांनी दाखवलं होतं. आमवातही क्षयासारखाच जंतूंचा आजार असावा या चुकीच्या समजुतीने फ्रान्सचे जाक फोरेस्तिए यांनी १९२९ च्या सुमारास सोन्याची इंजेक्शनं दिली. समजूत चुकली, पण काही रुग्ण सुधारले आणि पुढची कित्येक दशकं सोनं टोचलं गेलं. मग मेथोट्रेक्सेट आलं, जे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या चमूने कर्करोगासाठी घडवलं होतं. हे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेततं, आणि अशा चुका आजही होतात.

खरा पालट १९९२ मध्ये लंडनला झाला. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी टीएनएफ या दाहकारक रेणूला अडवणारी प्रतिपिंडं रुग्णांना दिली आणि सुजलेले हात उघडले. २००२ साली टीएनएफला अडवणाऱ्याच अडॅलिमुमॅब या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने त्याची जगातली पहिली प्रतिकृती सुमारे पाचव्या हिश्शाच्या किमतीत आणली. इथे मात्र माझा सुरुवातीचा नियम लागू होत नाही. ही महाग सुई तिच्या किमतीला जागते. पण टीएनएफ हाच शरीरात दबून बसलेल्या क्षयाला कोंडून ठेवतो. त्याला अडवलं की क्षय उसळतो. म्हणून आपल्या देशात छातीचा एक्स-रे आणि सुप्त क्षयाची तपासणी केल्याशिवाय ही सुई देता कामा नये. सोन्याच्या काळात आमवात आणि क्षय यांची जी गाठ कल्पनेने मारली गेली होती, ती अशी दुसऱ्याच वाटेने खरी झाली.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ पासून घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. आमवाताचं प्रमाण दर दोनशे प्रौढांमागे साधारण एक निघालं. म्हणजे मध्यम आकाराच्या कोणत्याही गावात अशी पाच-पंचवीस माणसं असणार, त्यांत बायका जास्त. त्यांच्यापैकी अनेक जणी आधी कमरेतली सुई, मग गुडघ्यातलं जेल करत दोन-तीन वर्षांनी र्‍हुमॅटॉलॉजिस्टपर्यंत पोचतात, तोवर बोटं वाकडी झालेली असतात. सकाळी उठल्यावर हाताची बोटं तासभर आखडत असतील, मनगटं सुजत असतील, दोन्ही बाजू सारख्याच दुखत असतील, तर आधी रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात. गुडघ्यात काय टोचायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.