‘माझ्यागत कुणी हाय का गावात?’

रविवारची वंदना संपली, खिरीचे पातेले रिकामे झाले आणि माणसे पांगली. कोल्हापुरातील एका वस्तीच्या विहारात आम्ही त्या दिवशी गेलो होतो. एक आक्का चपला शोधण्याचे निमित्त करून मागे रेंगाळल्या. वय पन्नाशीपुढचे, चार घरची धुणीभांडी. म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या पेपरात आजाराचं छापता का?” कसला आजार, असे विचारले तेव्हा त्यांनी आधी दाराकडे पाहिले आणि मग बोट कपाळाला लावले.

थोरला मुलगा शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त लेथवर होता. तीन वर्षांपूर्वी त्याला कुणी नसताना माणसे बोललेली ऐकू येऊ लागली. कामगार आपल्याविरुद्ध कट करतात म्हणून त्याने काम सोडले. पहिले सहा महिने आक्कांनी त्याला एका बाबाकडे नेले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून आपण बाबाकडे गेलो, हे सांगताना त्यांची मान खाली गेली. शेवटी सरकारी दवाखाना, केसपेपर, गोळ्या. मुलगा आता पुष्कळ बरा आहे. स्वतः आंघोळ करतो, दळण आणतो.

मग अडचण कसली? आक्का म्हणाल्या, “डाक्टर त्याला इचारत्यात, झोप लागती का, गोळी घेतोस का. मला कोण इचारतंय? तीन वर्सं झाली, मी कुणाच्या लग्नाला गेले न्हाई. शेजारणीला सांगितलं तर पोरीचं लग्न मोडंल. माझ्यागत कुणी हाय का ह्या गावात?”

या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. नंतरच्या काही आठवड्यांत आम्ही जे विचारले, वाचले, पाहिले, ते येथे देत आहोत.

आक्कांसारखे गावात कुणी आहे का? आहे, भरपूर आहेत. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली देशभर पाहणी केली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसले. म्हणजे ज्या विहारात शंभर मोठी माणसे वंदनेला बसतात, तेथे सरासरीने दहा जण. शेजारी शेजारी बसतात आणि एकमेकांना माहीत नसते.

आपल्या भगिनींना गट ही गोष्ट नवी नाही. बचत गट आहे, भिशी आहे. ठरलेल्या वारी बसायचे, ठरलेली रक्कम आणायची, एकीची अडचण साऱ्यांनी पेलायची. मनाच्या दुखण्यासाठी असाच गट असतो, त्याला आधारगट किंवा स्वमदत गट म्हणतात. त्यात डॉक्टर असलाच पाहिजे असे नाही. एकाच दुखण्याची माणसे किंवा त्यांचे नातेवाईक आठवड्याला, पंधरवड्याला भेटतात आणि आळीपाळीने बोलतात. समूह उपचार ही वेगळी गोष्ट. तेथे मानसतज्ज्ञ साधारण आठ-दहा रुग्णांना घेऊन बसतो आणि बोलण्याला दिशा देतो. तो उपचारच असतो. दवाखान्यात विचारताना हा फरक ठाऊक असावा, नाहीतर विचारतो एक आणि उत्तर मिळते दुसऱ्याचे.

हे श्रीमंतांचे खूळ आहे, असे पुष्कळांना वाटते. इतिहास उलटा आहे. १९०५ साली अमेरिकेतील बॉस्टन शहरात जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरांनी क्षयाच्या गरीब रुग्णांचा वर्ग सुरू केला. या रुग्णांना आरोग्यधामाचा खर्च झेपणारा नव्हता. आठवड्यातून एकदा जमायचे, वजन-ताप लिहिलेली वही दाखवायची. डॉक्टरांच्या लक्षात आले की वहीइतकाच गुण एकमेकांच्या सोबतीने येतो. समूह उपचाराची सुरुवात येथून मानतात. आपल्या देशात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या घरच्यांनाच आवारात तंबू देऊन राहवून घेतले. कुटुंबे आजार समजून घेत, आपसांत बोलत आणि आपला माणूस बरोबर घेऊन घरी जात.

बाबासाहेबांनी दुःख कोणाला सांगितले?

आपल्या माणसांना एक वाटते, दुःख बोलून दाखवणे हे दुबळेपणाचे लक्षण. बाबासाहेबांची लेकरे, रडायची नाहीत! हे म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचे एक पत्र वाचलेले नसते. १९२६ च्या जुलैत राजरत्न गेला. त्याआधीही रमाई-बाबासाहेबांनी लेकरे मातीत ठेवली होती. १६ ऑगस्ट १९२६ रोजी बाबासाहेबांनी एका स्नेह्याला लिहिले की, या धक्क्यातून आपण दोघे सावरलो असे भासवण्यात अर्थ नाही आणि कधी सावरू असे वाटतही नाही. हे पत्र गेले कोल्हापूरला, दत्तोबा पवारांना. ज्या माणसाने साऱ्या समाजाचे ओझे उचलले, त्याने आपले ओझे कोल्हापूरच्या एका मित्रापुढे उतरवले होते. पुढचे काम त्यांनी थांबवले नाही. दुसऱ्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला.

आणि त्याच्याही आधी पटाचारा. नवरा, दोन मुले, आईबाप एका फेऱ्यात गेले आणि ती भान हरपून, अंगावरच्या वस्त्राची शुद्ध नसलेली, रस्त्याने फिरू लागली. लोक वेडी म्हणून हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, बहीण म्हणून हाक मारली. ही कथा आपण प्रवचनात ऐकतो. पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. भानावर आलेली पटाचारा भिक्खुणी झाली आणि लेकरे गमावलेल्या स्त्रिया तिच्याकडे येऊ लागल्या. थेरीगाथेत त्या स्त्रियांच्याही गाथा आहेत. जिने सोसले तीच दुसरीला समजावते, हा आधारगटाचा पाया आहे आणि तो आपल्या घरचा आहे.

कोल्हापूरकरांना जवळचे उदाहरण नसीमा हुरजूक यांचे आहे. उमलत्या वयात पायांतले बळ गेले, जगणे नकोसे झाले. तेव्हा स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून आयुष्य उभे केलेले बाबूकाका दिवाण त्यांना भेटले. उपदेश खूप जणांनी केला असेल, पण कामी आला तो त्याच खुर्चीत बसलेला माणूस. पुढे १९८४ साली नसीमाताईंनी हेल्पर्स ऑफ द हॅंडिकॅप्ड ही संस्था उभी केली, हे सर्वांना ठाऊक आहे.

विचारायचे कोठे?

आधी सीपीआर. मनोविकार विभागात केसपेपर काढून डॉक्टरांना भेटाच, पण तेथील समुपदेशकाला किंवा सामाजिक कार्यकर्त्याला नेमका प्रश्न विचारा: “नातेवाईकांचा गट बसतो का? कोणत्या वारी?” बसत नसेल तर म्हणा, “आमच्यासारखे आणखी दोन घरवाले असतील, त्यांची हरकत नसेल तर गाठ घालून द्या.” गट दोन घरांचाही होतो. रुग्णाचे नाव बाहेर फोडायचे नाही असा कायदा आहे, म्हणून ‘हरकत नसेल तर’ हे शब्द विसरू नका.

ज्यांना दवाखान्याची पायरी जड वाटते त्यांनी १४४१६ हा क्रमांक फिरवावा. टेलिमानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्री चालते, मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कुणाच्या मनात येत असतील तर गटाचा वार उजाडण्याची वाट पाहू नका. त्या माणसाला एकटे सोडू नका, लगेच फोन करा किंवा सरळ दवाखाना गाठा. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला घरात कोंडून ठेवल्याच्या गोष्टी आमच्या कानांवर आल्या आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र ताणाखाली मानून शिक्षा करू नये असे ठरवले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुने कलमच राहिलेले नाही. त्याच २०१७ च्या कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यासही बंदी आहे.

आक्कांच्या मुलासारखा आजार, म्हणजे स्किझोफ्रेनिया, घरात असेल तर पुण्याची एक संस्था माहीत असावी. कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला हा आजार होता. त्यांच्या पुढाकाराने १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली. रुग्ण आणि नातेवाईक यांचे आधारगट हेच तिचे मुख्य काम. ‘देवराई’ हा मराठी चित्रपट याच आजारावर आहे, त्यामागेही वाणी होते. कोल्हापुरातून दर आठवड्याला पुणे कुणाला जमणार? पण वस्तीतल्या दोघींनी एकदा एस.टी.ने जाऊन गट कसा चालतो ते पाहून यावे, असे आम्हाला वाटते. एक दिवसाची मजुरी बुडेल हे खरे.

दारूचे तसे नाही, तिथे वाट जवळ आहे. १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरता सावरता अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस सुरू केली. तिच्या सभा कोल्हापुरातही भरतात. फी नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाची वेगळी शाखा असते. नवऱ्याने पिणे सोडो न सोडो, बायको तेथे जाऊ शकते. दाखल करण्याची गरज असेल तर साताऱ्याचे परिवर्तन आणि पुण्याचे मुक्तांगण (हे २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले) आहे. मुक्तांगणात व्यसनी माणसांच्या पत्नींचा ‘सहचरी’ गट चालतो.

ए.ए.बद्दल आपल्या तरुणांची एक तक्रार असते. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख येतो, आम्ही ईश्वर मानत नाही, मग कसे जायचे? तक्रार रास्त आहे. पण तेथे ईश्वर आपापल्या समजुतीप्रमाणे घ्यायचा असतो आणि जगभर अनेक निरीश्वरवादी त्या जागी गटालाच धरतात. ‘संघं सरणं गच्छामि’ म्हणणाऱ्याला हे अवघड जाऊ नये. खरी अडचण आमच्या मते दुसरी आहे. पंचशील घेतलेला माणूस प्यायला लागला की शरमेने विहारात यायचेच बंद करतो. आपणही त्याला दारातून टोकतो. ज्याला विहाराची सर्वांत जास्त गरज, तोच बाहेर.

आडनाव

ए.ए.ची एक रीत आम्हाला फार आवडली. तेथे फक्त नाव सांगायचे, आडनाव नाही. का आवडली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या परिचयाचा एक पदवीधर तरुण शहरातील एका गटात दोन वेळा गेला. पहिल्या दिवशी चहा पिताना कुणी सहज विचारले, “आडनाव काय?” दुसऱ्या वेळी त्याने नोकरीत जातीवरून झालेला अपमान सांगायला तोंड उघडले, तर एक जण म्हणाला, “आता कुठं राहिलीय जात!” तिसऱ्या वेळी तो गेला नाही. ज्या गटात मूळ जखम झाकूनच बसावे लागते, तेथे औषध लागणार कोठे? १७ जानेवारी २०१६ नंतर, रोहित वेमुलाच्या मृत्यूनंतर, हा प्रश्न तरुणांनी उघड विचारायला सुरुवात केली. दिव्या कंदुकुरी या तरुणीने बहुजनांसाठी ‘द ब्लू डॉन’ हा आधारगट सुरू केला, तो याच गरजेतून.

म्हणून आपल्या विहारातच गट का असू नये? सभागृह आहे, सतरंजी आहे, आठवड्यातले सहा दिवस कुलूप असते. झिंबाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ पासून वस्तीतल्या आज्यांनाच शिकवून दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसवले. त्यांच्याकडे बोलून गेलेल्या बायका नंतर एकत्र बसून पिशव्या विणतात आणि विणता विणता बोलतात. आपल्याकडे वाकळ शिवायला बसलेल्या बायका दुसरे काय करतात?

मात्र विहारातल्या गटाला एक धोका आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. वस्तीत भिंतींना कान असतात. ए.ए.त अनोळखीपणाचे संरक्षण असते, ते येथे नाही. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांनी शेजारच्या वस्तीतल्या विहारात बसावे, तिथल्यांनी इकडे यावे. पहिल्या बैठकीतच ठरवावे की इथले बोलणे इथेच. जो मोडेल त्याला एकदा सांगावे, दुसऱ्यांदा येऊ देऊ नये. मंडळाचे पुढारी, भाषण, हारतुरे नकोत. उपदेश नको. दुसऱ्याच्या गोळ्या कमी-जास्त करण्याचा सल्ला कुणी देऊ नये, कारण त्याचे परिणाम घरच्यांना भोगावे लागतात. महिन्यातून एकदा दवाखान्यातील समुपदेशकाला बोलावता आले तर उत्तम.

ध्यानाबद्दलही दोन शब्द. आनापान, मैत्रीभावना यांनी मनाला विसावा मिळतो. पण आजार जोरात असताना ‘गोळ्या टाक आणि शिबिराला बस’ असे कुणी सांगितले तर ऐकू नका. हातकणंगले तालुक्यात आळते येथे धम्मालय हे विपश्यना केंद्र आहे. अशा दहा दिवसांच्या शिबिरांच्या अर्जातच मानसिक आजाराची विचारणा असते. ती खरी भरावी आणि आधी डॉक्टरांना विचारावे.

एवढे सगळे घेऊन आम्ही पुन्हा त्या विहारात गेलो. आक्का होत्या. अर्धे ऐकून त्यांनी हात वर केला. म्हणाल्या, मागच्या आठवड्यात सीपीआरच्या औषधाच्या रांगेत पुढे एक बाई उभी होती, तिच्या हातात त्याच गोळ्यांचा कागद. उचगावची आहे. तिचाही मुलगाच. दोघी बाहेर चहाच्या गाड्यावर तासभर बोलत बसल्या.

“पुढच्या बुधवारी ती येती म्हणालीय,” आक्का म्हणाल्या. “विहाराची किल्ली कुणाकडं असती, तेवढं सांगा.”