एकदा बनवा, पुन्हा पुन्हा वापरा: व्हिजिटिंग कार्डचं टेम्प्लेट कसं तयार करायचं?



टेम्प्लेट कसं बनतं ते व्हिडिओत स्क्रीनवर दाखवलंच आहे. इथे तेच सगळं सविस्तर लिहून देतोय, म्हणजे काम करताना समोर ठेवता येईल.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या व्यवसायाचा मोबाईल नंबर उद्या बदलला, तर नवीन कार्ड हातात यायला किती दिवस लागतील?

बऱ्याच जणांचं उत्तर असं असतं: कार्ड दोन वर्षांपूर्वी छापलं होतं. फाईल डीटीपीवाल्या दादांकडे होती. मध्ये त्यांचा कॉम्प्युटर फॉरमॅट झाला. आता आपल्याकडे फक्त व्हॉट्सॲपवर आलेला कार्डचा फोटो आहे. म्हणजे डिझाईन पुन्हा पहिल्यापासून, खर्च पुन्हा, आणि तोवर जुन्या नंबरवर पेनाने काट मारून खाली नवा नंबर लिहायचा.

हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडे बंद झालेला मोबाईल नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या ग्राहकाला देता येतो. म्हणजे तुमचं जुनं कार्ड बघून दिवाळीच्या ऑर्डरसाठी केलेला फोन कुठल्यातरी अनोळखी माणसाला लागू शकतो. तो माणूस "राँग नंबर" म्हणून ठेवून देईल, आणि ग्राहक दुसरीकडे जाईल. तुम्हाला कळणारही नाही.

यावर उपाय एकच: कार्डची बदलता येणारी मूळ फाईल तुमच्या स्वतःच्या ताब्यात हवी.

टेम्प्लेट म्हणजे काय?

लग्नपत्रिका आठवा. दुकानात तयार पत्रिका मिळतात. गणपती, रंग, नक्षी सगळं आधीच छापलेलं. आपण फक्त मॅटर देतो: वधू-वरांची नावं, तारीख, मुहूर्त, स्थळ. त्याच पत्रिकेवर आज एका घरचं लग्न छापतात, उद्या दुसऱ्या घरचं.

व्हिजिटिंग कार्डचंही तसंच करायचं. कार्डवरच्या सगळ्या गोष्टी दोन भागांत वाटायच्या.

न बदलणारा भाग: व्यवसायाचं नाव, लोगो, रंग, फॉन्ट, एका ओळीतली ओळख, दुकानाचा पत्ता (जागा स्वतःची असेल तर).

बदलणारा भाग: व्यक्तीचं नाव, पद, मोबाईल, ई-मेल, वस्तूंची यादी, भाड्याच्या जागेचा पत्ता.

आधी कागदावर दोन रकाने पाडा आणि ही यादी करा. सॉफ्टवेअर नंतर उघडा. ही वाटणी नीट झाली की अर्धं काम झालं.

नाचणगावचं उदाहरण घेऊ

समजा, वर्धा जिल्ह्यात नाचणगावला महिलांचा एक बचत गट आहे. हळद, तिखट, पापड, वऱ्हाडी ठेचा असा माल. गटात दहा जणी. ऑर्डर कुणाही एकीकडे येते. अध्यक्ष-सचिव अधूनमधून बदलतात. एकाच नावाने हजार कार्डं छापली, तर बाकी नऊ जणींनी कुठलं कार्ड द्यायचं? इथेच टेम्प्लेट कामाला येतं. कार्ड एकच, फक्त नाव आणि नंबर ज्याचा त्याचा.

आता मॅटर ठरवू.

पत्ता: नाचणगाव पुलगावला अगदी लागून आहे. बाहेरच्या माणसाला पुलगाव लवकर कळतं, कारण ते मुंबई–हावडा रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे. म्हणून "नाचणगाव (पुलगाव), ता. देवळी, जि. वर्धा" असं लिहा. इंग्रजीत गावाचं स्पेलिंग एकच ठरवा, आणि कार्ड, पाकीट, बिल, गूगल मॅप सगळीकडे तेच ठेवा.

भाषा: पुलगावला लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, ज्याला सगळे सीएडी म्हणतात. तिथे देशभरातून आलेली कुटुंबं राहतात. तीही तुमची ग्राहक आहेत. म्हणून एक बाजू मराठीत, दुसरी इंग्रजीत किंवा हिंदीत करा. आणि मोबाईल नंबर दोन्ही बाजूंनी इंग्रजी आकड्यांतच लिहा. केरळ किंवा आसामहून आलेल्या ताईंना देवनागरी ९ आणि १ ओळखता येतीलच असं नाही.

मालाचं नाव: आपल्या जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. नाव मोठं आहे, म्हणून कार्डवर टाकायचा मोह होतो. पण माल खरोखर त्या भागातला असेल आणि तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल, तरच ते नाव आणि जीआयचं चिन्ह वापरा. नाहीतर सरळ "घरगुती हळद" लिहा. तेवढ्यानेही हळद विकते.

साईझ: हे आकडे वहीत लिहून ठेवा

आपल्याकडे सर्वात जास्त चालणारं कार्ड ३.५ × २ इंच, म्हणजे साधारण ८९ × ५१ मिलिमीटर. काही प्रेसचं माप थोडं वेगळं असतं, म्हणून आधी विचारून घ्या.

कटिंग मशीन एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. म्हणून रंग किंवा फोटो कार्डच्या कडेपर्यंत जात असेल, तर तो चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर वाढवायचा. याला प्रेसवाले ब्लीड म्हणतात. ब्लीड धरून फाईल होते ९५ × ५७ मिलिमीटर. उलट, अक्षरं आणि लोगो कापायच्या कडेपासून किमान ४ मिलिमीटर आत ठेवायचे.

फोटो किंवा लोगो ३०० डीपीआयचा हवा. म्हणजे पूर्ण कार्डभर फोटो टाकायचा तर ब्लीडशिवाय किमान १०५० × ६०० पिक्सेल. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो दाबला जातो. तो "डॉक्युमेंट" म्हणून मागवा.

कशात बनवायचं?

डीटीपीची दुकानं बहुतेक कोरल ड्रॉ वापरतात. पण नंबर बदलण्यासाठी आपण कोरल शिकायची गरज नाही. कॅनव्हा, लिबर ऑफिस, गूगल स्लाइड्स, कशातही होतं. मी इथे गूगल स्लाइड्स घेतो, कारण ते फुकट आहे आणि फाईल आपल्याच खात्यात राहते.

१. व्यवसायाच्या नावाने वेगळं जीमेल खातं काढा. भाच्याच्या किंवा डिझायनरच्या खात्यावर फाईल ठेवू नका. पासवर्ड किमान दोन जणांकडे हवा.

२. कॉम्प्युटरवर नवीन स्लाइड उघडा. पेज सेटअपमध्ये "कस्टम" निवडून ब्लीडसकट माप टाका: ९.५ × ५.७ सेंटिमीटर.

३. थीम बिल्डर उघडा. लोगो, रंगाची पट्टी, व्यवसायाचं नाव तिथे ठेवा. हा झाला न बदलणारा भाग. साध्या स्लाइडवर काम करताना तो चुकूनही हलत नाही.

४. नाव, पद, मोबाईल यांच्यासाठी थीम बिल्डरमध्येच मजकुराचे रिकामे चौकोन ठेवा. फॉन्ट, साईझ, रंग तिथेच ठरवून टाका.

५. बाहेर या. एका सदस्यासाठी एक स्लाइड. स्लाइडची कॉपी करायची, नाव आणि नंबर बदलायचा. दहा जणींची दहा कार्डं एका फाईलमध्ये. मागची बाजू सगळ्यांची एकच.

६. छपाईसाठी पीडीएफ डाउनलोड करा. प्रेसला सांगा, "ब्लीड ३ मिलिमीटर धरलंय."

एकदा साईझ लावून झाली की नंतरचा नंबराचा बदल मोबाईलवरूनही होतो.

कॅनव्हा वापरत असाल तर तिथे पान ३.५ × २ इंचाचंच घ्या. ब्लीड सेटिंगमधून दाखवता येतो, आणि "पीडीएफ प्रिंट" डाउनलोड करताना क्रॉप मार्क व ब्लीडचा पर्याय निवडता येतो. लोगो आणि पट्टीला कुलूप लावून ठेवा. कॅनव्हातली तयार चित्रं लोगो म्हणून वापरू नका. तेच चित्र हजारो लोक वापरतात, आणि उद्या ट्रेडमार्क घ्यायचा झाला तर अडचण येते.

खरी अडचण: मराठी फॉन्ट

इंग्रजी कार्डला हा त्रास फारसा होत नाही. मराठी कार्डची फाईल निकामी होते ती बहुतेक वेळा इथेच.

अनेक डीटीपी दुकानांत अजून जुन्या पद्धतीचे मराठी फॉन्ट चालतात. त्यात स्क्रीनवर मराठी दिसतं, पण आत कॉम्प्युटरने इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली की "हळद" च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये मात्र "ह" म्हणजे सगळीकडे "ह"च: मोबाईलवर, कॉम्प्युटरवर, प्रेसमध्ये.

तपासायचं कसं? फाईलमधला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर पेस्ट करा. मराठी आलं तर युनिकोड. कचरा आला तर जुना फॉन्ट. टेम्प्लेट कायम युनिकोडमध्येच बनवा.

मुक्त, बालू २, हिंद, नोटो सान्स देवनागरी हे युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे. निवडण्याआधी "खाद्यपदार्थ, गृहोद्योग, श्री, वऱ्हाडी" हे शब्द टाइप करून बघा. जोडाक्षरं नीट आली, "ल" आणि "श" आपल्या मराठी वळणाचे वाटले, तर तो फॉन्ट ठेवा. आपल्या अक्षरांना वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो, म्हणून मराठी मजकूर ८–९ पॉइंटपेक्षा लहान नको. दोन ओळींत इंग्रजीपेक्षा थोडी जास्त जागा सोडा.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: "कर्व्ह". प्रेसमध्ये फॉन्ट बिघडू नये म्हणून अक्षरांचं चित्र करतात, त्याला कर्व्ह करणं म्हणतात. छपाईसाठी ते योग्यच आहे. पण कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये नंबर टाइप करून बदलता येत नाही. म्हणून दोन फाईली हव्यात: एक मूळ, एक छपाईची. डिझाईन बाहेरून करून घेत असाल तर काम देतानाच बोला: "दादा, कर्व्ह न केलेली ओपन फाईल आणि वापरलेल्या फॉन्टची नावं पण द्या." त्याचे वेगळे पैसे लागत असतील तर ते आधीच ठरवा. नंतर मागितलं की वाद होतो.

क्यूआर कोड टाकताय? थांबा, आधी हे बघा

क्यूआर कोडमध्येही बदलणारा आणि न बदलणारा असा फरक असतो. व्हॉट्सॲपचा क्यूआर मोबाईल नंबरला बांधलेला असतो. कार्डवरचा नंबर बदलला आणि क्यूआर तसाच राहिला, तर ग्राहक जुन्याच नंबरवर मेसेज करेल. ही चूक प्रूफ बघतानाही सुटते, कारण क्यूआर डोळ्यांनी वाचता येत नाही. म्हणून टेम्प्लेटमध्ये क्यूआरशेजारी, कार्डच्या बाहेर, एक टीप लिहून ठेवा: "नंबर बदलला की हाही बदला."

गूगल मॅपवरच्या दुकानाची लिंक नंबर बदलला तरी चालत राहते. ती न बदलणाऱ्या भागात ठेवता येते. पैसे घ्यायचा यूपीआयचा क्यूआर काउंटरवरच बरा. बँक खातं बदललं की कार्डवरचा निकामी होऊ शकतो.

फुकट "डायनॅमिक" क्यूआर देणाऱ्या साइट्सपासून सावध राहा. मुदत संपली की कोड बंद पडू शकतो. क्यूआर किमान २ सेंटिमीटर ठेवा, भोवती पांढरी जागा सोडा, आणि दोन वेगळ्या मोबाईलवर स्कॅन करून बघा.

छपाई: हजार की शंभर?

मल्टिकलर ऑफसेटमध्ये हजार कार्डं घेतली की एका कार्डचा भाव कमी पडतो. पण त्यातली सहाशे कपाटातच जुनी झाली तर तो भाव कसला? सुरुवातीला डिजिटल प्रिंटवर शंभर-दोनशे घ्या. ए-४ कागदावर ३.५ × २ इंचाची दहा कार्डं बसतात. ३०० जीएसएमचा कागद चांगला. गटातल्या दहा जणींना हाच मार्ग परवडतो.

मोठ्या संख्येत लागत असतील तर लग्नपत्रिकेचीच युक्ती करा. न बदलणारा रंगीत भाग हजार-दोन हजार एकदम छापून ठेवा. नाव आणि नंबराची जागा कोरी ठेवा आणि लागेल तसं तिथे काळ्या शाईत छापून घ्या. अशा कोऱ्या कार्डांना चकचकीत लॅमिनेशन करू नका, शाई बसत नाही.

फाईल कशी ठेवायची?

एका फोल्डरमध्ये तीन उपफोल्डर करा: "मूळ", "छपाई" आणि "लोगो-फॉन्ट". छपाईच्या प्रत्येक फाईलला तारीख द्या, उदाहरणार्थ "कार्ड-मराठी-२०२५-०६-१५". "फायनल", "नवीन फायनल", "एकदम फायनल" अशी नावं नकोत. सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही कुठली खरी. एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा.

छपाईला देण्याआधी

- मोबाईल नंबर दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या आणि कार्डवरून बघून फोन लावा.
- क्यूआर स्कॅन करा.
- गाव, तालुका, पिन कोड तपासा.
- मराठी आणि इंग्रजी बाजूवर नंबर एकच आहे ना, ते बघा.
- साध्या कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा, कापा, खिशात ठेवून बघा. घरातल्या वडीलधाऱ्यांना चष्म्याशिवाय नंबर वाचता आला पाहिजे.

आज एवढंच करा: कागदावर दोन रकाने, आणि तुमच्या सध्याच्या कार्डची ओपन फाईल कुणाकडे आहे त्यांना एक फोन. फाईल मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर या रविवारी दोन तास काढा आणि स्वतःचं टेम्प्लेट बनवा. पुढच्या वेळी नंबर बदलेल तेव्हा पाच मिनिटांचं काम असेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत.