पेटीतला साप आणि नागपूरचा मे महिना

‘धामण बिनविषारी आहे, पाळली तर काय बिघडलं?’ हा प्रश्न सर्पमित्रांना नेहमीचाच. विषाचा इथे संबंधच नाही. धामण असो, नाग असो की अजगर, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने यांना घरात ठेवणं गुन्हा आहे. तिघंही या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यासाठी 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. घरात साप निघाला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावं. जखमी सापावर नागपुरात सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये उपचार होतात.

मग लोक परदेशी सापाकडे वळतात, ‘त्याला कायदा लागत नाही’ असं म्हणत. हेही अर्धवटच खरं. आफ्रिकेतला बॉल पायथन ‘साइट्स’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, आणि 2024 च्या नियमांनुसार त्याची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते.

नोंदणी झाली, की साप येतो काचेच्या पेटीत. ‘साप थंड रक्ताचा, त्याला ऊन हवंच’ म्हणून पेटी खिडकीशी ठेवली जाते. नागपुरात यापेक्षा घातक चूक नाही. बॉल पायथनला पेटीच्या एका टोकाला साधारण 32 अंश लागतात, दुसऱ्या टोकाला 25-26. ऊब आणि गारवा यांत त्याची ये-जा चालते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हात, बाहेर पारा 45 च्या पुढे गेला, की उन्हातली बंद काच म्हणजे भट्टीच. शरीर थंड करायला सापाला घाम येत नाही, आणि पळायला जागाही नसते. पुस्तकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपल्याकडे हीटर डिसेंबर-जानेवारीपुरता, खरी चिंता पेटी थंड ठेवण्याची.

त्यात मे महिन्यातली कोरडी हवा. कात सलग निघत नाही, तुकड्यांनी सुटते, आणि डोळ्यावरची पातळ चकती तशीच चिकटून राहते. ती चिमट्याने ओढू नये. ओलसर शेवाळ घातलेला डबा लपायला दिला, की बहुतेक वेळा ती पुढच्या कातीबरोबर निघते. खोलीतल्या कूलरने मे महिन्यात दमटपणा मिळतो. तोच कूलर जुलैत चालू ठेवला तर पेटी सादळते आणि सापाला श्वसनाचे आजार जडतात.

‘साप वेटोळं घालूनच बसतो, लहान पेटी पुरते’ हाही ठाम समज. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठात कॉर्न स्नेकना लहान-मोठ्या पेट्यांत ठेवून पाहिलं. मोठ्या पेटीत ते अंग पूर्ण ताणून पसरले, आणि निवड दिल्यावर मोठीकडेच गेले. निदान सापाच्या लांबीइतकी पेटी हवीच. लपायच्या जागा दोन, एक उबेत, एक गारव्यात; नाहीतर भित्रा साप उकाडा सोसत एकाच कोपऱ्यात बसून राहतो.

त्याचं मन रमतं वासात. जीभ बाहेर काढून तो हवेतले कण टाळूतल्या इंद्रियाकडे नेतो. म्हणून अधूनमधून पेटीत वेगळी साल, कोरडी पानं, एखादी फांदी ठेवली तरी त्याची जीभ लगेच लवलवू लागते. जिवंत उंदीर सोडणं ही मात्र करमणूक नव्हे. भुकेला उंदीरच सापाला कुरतडतो. उंदीर मेलेलाच द्यावा, आणि गिळल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये, नाहीतर सगळं ओकून टाकतो.