रस्त्यावरचा कुत्रा घरचा कसा होतो?

भिवंडीत यंत्रमागांच्या गल्ल्यांतून शाळेत येणाऱ्या मुलांना वाटेत किती कुत्री भेटतात, हे एकदा त्यांनाच मोजायला सांगावे. मागांच्या शेडपाशी, चहाच्या टपरीखाली, मानकोलीकडच्या गोदामांच्या फाटकांत ती असतात. शाळेच्या आवारातही असतात. आवारातल्या या कुत्र्यांचा प्रश्न आता निकडीचा झाला आहे. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके येथील भटकी कुत्री तेथून हलवावीत, निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना निवाऱ्यात ठेवावे आणि पुन्हा त्याच जागी सोडू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 7 नोव्हेंबर 2025 रोजी दिला. त्याआधी दिल्लीतील प्रकरणात, 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात, पालिकेकडे अर्ज करून कुत्रा दत्तक घेण्याची मुभा न्यायालयाने दिली होती. दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, ही मात्र अट होती. रस्त्यावर वाढलेला प्राणी घरात रुळेल का, हा प्रश्न त्यामुळे केवळ भूतदयेचा राहिलेला नाही. त्याला जीवशास्त्राचे उत्तर आहे.

अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत केलेला एक प्रयोग 1961 साली प्रसिद्ध झाला. उंच कुंपणाच्या शेतात पिल्ले आईसोबत वाढवली आणि त्यांना माणूस दिसू नये म्हणून अन्न-पाणीही कुंपणाच्या भोकांतून दिले. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात बाहेर काढून एकच आठवडा माणसांत ठेवले. उरलेल्यांनी माणूस पाहिला तो थेट चौदाव्या आठवड्यात. ही उशिरा आलेली पिल्ले माणसाला बिचकतच राहिली. पुढे कितीही गोंजारले तरी त्यांची भीती पुरती गेली नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यात भेटलेल्यांना मात्र तेवढा एक आठवडा पुष्कळ झाला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच्या या काळाला सामाजिकीकरणाचा काळ म्हणतात. या वयात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते ते त्याला आपले वाटू लागते.

आता आपल्या गल्लीकडे पाहा. मागाच्या शेडलगत जन्मलेले पिल्लू दिवसरात्र खटखट ऐकत वाढते; तो आवाज त्याला भिववणार नाही, असा तर्क आपण करू शकतो. कुकरची शिट्टी, गुळगुळीत फरशी, जिना, छताचा पंखा यांची ओळख मात्र त्याला कुणी करून दिलेली नसते. घरात आणल्यावर ते पलंगाखाली दडून बसले, तर ‘हे भित्रे निघाले’ असे म्हणण्याची घाई करू नये. माणसाशी त्याची ओळख आधीच झालेली असते, आणि अवघड भाग तोच असतो. शाळेचा शिपाई रोज ज्याला भाकरी घालतो, मुलांचा गोंगाट ज्याच्या अंगवळणी पडला आहे, तो कुत्रा दत्तक देण्यास आम्हांला सर्वांत योग्य वाटतो.

कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचाच अभ्यास करतात. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात दोन भांड्यांपैकी एकाकडे अनोळखी माणसाने बोट दाखवले. सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. जी आली त्यांतील जवळजवळ 80 टक्के, कसलेही शिक्षण नसताना, दाखवलेल्या भांड्याकडे गेली. न आलेल्या निम्म्यांचाही विचार करावा. माणसाचा वाईट अनुभव हे त्यामागचे एक कारण असू शकेल. याच गटाने 2016 साली 364 पिल्लांची नोंद प्रसिद्ध केली होती. त्यांतली केवळ 19 टक्के प्रजननक्षम वयापर्यंत जगली आणि 63 टक्के मृत्यूंना माणूस कुठल्या ना कुठल्या प्रकारे कारण होता.

दत्तक देऊन रस्त्यावरची संख्या घटेल, अशी आशा मात्र धरू नये. ते काम निर्बीजीकरणाचे. दत्तकाने एका कुत्र्याचा आणि एका घराचा प्रश्न सुटतो, इतकेच.

निवाऱ्यातले पहिले दिवस सर्वांत कठीण असतात. अमेरिकेतील एका निवाऱ्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, पहिल्या तीन दिवसांत घरच्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. ही पाहणी 1997 सालची. घर आधीच ठरले असेल, तर हा ताण टळतो किंवा निदान लवकर संपतो. नव्या घरीही पहिले काही दिवस त्याला एक ठरावीक कोपरा, ठरावीक वेळी जेवण आणि कमीत कमी पाहुणे द्यावेत.

रेबीजची लस पिल्लाला तिसऱ्या महिन्यात आणि पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे द्यावी. कुत्रा कितीही ओळखीचा असला, तरी चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावत बसू नये.

अशा कुत्र्याला काम शिकवता येते का? पश्चिम बंगाल पोलिसांनी ‘आशा’ नावाच्या रस्त्यावरच्या कुत्रीला बराकपूर येथे स्फोटके हुंगण्याचे शिक्षण दिले. गोदामाची राखण तर आपल्याकडची कुत्री न शिकवताही करतात. परंतु राखणीसाठी म्हणून पिल्लू नेऊन त्याला आखूड साखळीने दिवसभर बांधणे म्हणजे दत्तक घेणे नव्हे. ओळखी करून घेण्याचे त्याचे ते मोलाचे आठवडे खांबापाशीच संपतात. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही ठरतो.

आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना महिनाभर एक वही ठेवता येईल. प्रत्येक कुत्र्याचा रंग, कानाच्या टोकाला निर्बीजीकरणाची खाच आहे की नाही, त्याला खाऊ कोण घालते, अनोळखी माणूस दिसताच ते जवळ येते की दूर सरते, घंटेच्या आवाजाला दचकते का, हे रोज ठरावीक वेळी लिहावे. निरीक्षण दुरूनच, हात न लावता, आणि पिल्ले असलेल्या कुत्रीपासून तर फारच अंतर राखून करावे. कुत्रा घरी नेऊ इच्छिणाऱ्या पालकांना ही वही दाखवावी. तिची एक प्रत पालिकेच्या पशुवैद्यकांकडेही द्यावी.