सेटर, सेटिंग आणि ‘सेट’

छत्रपती संभाजीनगरहून जालना रोडने निघालं की शेंद्र्याची पंचतारांकित औद्योगिक वसाहत लागते. स्कोडाचा कारखाना इथे 2001 मध्ये सुरू झाला, पुढे ‘ऑरिक’ हे औद्योगिक शहर उभं राहिलं. मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या मशीन शॉपमध्ये एका माणसाला कायम मागणी असते: सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, मशीनचा सेटर. ऑपरेटर मशीन चालवतो, सेटर ते ‘सेट करून’ देतो.

म्हणजे नेमकं काय करतो? चकमध्ये जॉ बसवतो, टरेटमध्ये टूल लावतो, प्रत्येक टूलचा ऑफसेट घेतो, जॉबचा शून्यबिंदू मशीनला देतो आणि प्रोग्राम सावकाश चालवून पहिला नग काढतो. तो नग मायक्रोमीटरखाली जातो. माप जास्त आलं तर ऑफसेटमध्ये फरक टाकायचा, पुन्हा कट घ्यायचा. पहिला पीस ओके झाला की मगच ‘जॉब सेट झाला’.

या सगळ्या खटाटोपाला एकच इंग्रजी क्रियापद पुरतं. ‘सेट’चा मूळ अर्थ एखादी गोष्ट तिच्या जागी नीट बसवणं. त्याला एवढ्या फांद्या फुटल्या, की ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाच्या 1989 च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद याच शब्दाची होती. नव्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ने त्याला मागे टाकलं.

मराठी माणसाला या फांद्या परक्या वाटू नयेत. इंग्रजीत मोडलेलं हाड, अंगठीतला खडा आणि कवितेची चाल, तिन्हींनाही ‘सेट’ चालतं. मराठीत आपण हाड बसवतो, खडा बसवतो, चालही बसवतो. सगळीकडे मात्र जोडी जमत नाही. इंग्रजीत सूर्य ‘सेट’ होतो, आपल्याकडे तो मावळतो. तिकडे दही ‘सेट’ होतं, इकडे ते लागतं.

वापरातही एक फरक आहे. इंग्रजीत ‘सेट’चं रूप वर्तमानात आणि भूतकाळात सारखंच राहतं, आणि बसवणारा कोण, बसणारं काय, हे वाक्यावरून ओळखावं लागतं. मराठीने त्याला ‘करणे’ आणि ‘होणे’ जोडून दोन्ही प्रश्न सोडवले: सेटर मशीन सेट करतो, मशीन सेट होतं. काळही स्पष्ट, कर्ताही स्पष्ट. त्यापुढे जाऊन मराठीने ‘सेटिंग’ला वशिल्याचा अर्थही दिला.

व्युत्पत्ती तर आणखी जवळची निघते. जुन्या इंग्रजीत ‘सित्तान’ म्हणजे बसणे आणि ‘सेत्तान’ म्हणजे बसवणे. बसणे–बसवणे हीच प्रयोजक जोडी. दोन्हींच्या मागे असलेल्या प्राचीन धातूचं संस्कृत रूप ‘सद्’ आहे. ‘सादयति’ म्हणजे बसवतो. सदन, सभासद, संसद, परिषद हे शब्द त्याच धातूचे. आपलं ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’पासून प्राकृतातून आलं, म्हणजे अर्थ तोच, घराणं वेगळं. इंग्रजी आणि संस्कृतात एकच धातू कसा? संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हा विचार भाषाभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात मांडला. इंग्रजीसह जर्मानिक भाषाही त्याच कुळातल्या.

चहाचा सेट किंवा टूलचा सेट यातला ‘सेट’ मात्र मुळात दुसराच शब्द. लॅटिनमधल्या ‘सेक्ता’ म्हणजे अनुयायी-वर्ग या शब्दापासून तो जुन्या फ्रेंचमार्गे आला. उच्चार आणि स्पेलिंग एक झाल्यावर दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळत गेले. म्हणून नाम दिसलं की ते कोणत्या वंशातलं हे तपासावं लागतं: गोरेगावच्या चित्रनगरीत उभारलेला सेट संचवाला नाही, तो देखावा जागेवर ‘बसवणाऱ्या’ क्रियापदातून आलेला आहे.